गाडीनं जावं का बसनं

अकोल्यातलं आमचं घर आणि शेजारचं घर यांच्या मधे एकच भिंत आहे, कमरेच्या थोडी वर येणारी. अलीकडे माझी बाग, पलीकडे भाऊंची. बाग म्हणजे फार मोठं काही नाही. माझ्याकडे शोभेची झाडं जास्त. जास्वंद, मधुमालती, कुंड्यांतले गुलाब. त्यांच्याकडे सगळं खायचं. वांगी, टमाटे, मेथी, आंबाडी, मांडवावर दोडकी. खरं म्हणजे ती बाग वहिनींची. निंदणं, खुरपणं, पुढच्या वर्षासाठी बी धरून ठेवणं, हे सगळं त्याच करत. भाऊ पाणी देत आणि माझ्याशी बोलत.

भाऊ माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. दर्यापूरकडच्या एका खेड्यातले. तरुणपणी अकोल्यात आले, एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी मूळचा अमरावतीचा. वडील वकील होते. घरात आम्ही 'मले, तुले' म्हटलं की ते वाक्य पुन्हा नीट म्हणायला लावत. पुढे अकोल्याच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला आणि इथलाच झालो. भूगोल शिकवल्याचं सांगतो आहे, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं.

सकाळी सव्वासहाला आम्ही दोघं आपापल्या नळ्या घेऊन भिंतीशी यायचो. आमच्या बोलण्याचा एक क्रम ठरून गेला होता. आधी आभाळ, मग घर.

"सर, आज काय म्हणते आभाळ?"

"बेचाळीसच्या पुढे जाईल आज. वारा कोरडा आहे."

"मंग कूलरात दोनदा पाणी टाका लागते." एवढं झालं की ते घरावर यायचे. "कालच्याले पोरीचा फोन आला होता अमरावतीहून. जावयानं नवीन फ्रिज घेतला. जुना आमाले देतो म्हणे. हे म्हणते, मले नाई पाहिजे कोनाचा जुना फ्रिज."

'हे' म्हणजे वहिनी. त्या तिथेच खाली वाफ्यात उकिडव्या बसून खुरपत असायच्या आणि मान वर न करता म्हणायच्या, "सरले काय सांगता फ्रिजचं? त्याईले काय करा लागते?"

मीही सांगायचो. माझा मुलगा पुण्याला आहे, सून नोकरी करते, नातीला भात आवडत नाही. असलंच. कोणाच्या घरात काय शिजलं, कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला झोप लागली नाही. निवृत्त माणसाला हे बोलणं किती लागतं, हे निवृत्त झाल्याशिवाय कळत नाही.

सुरुवातीला मी हवामान खरोखर पाहून सांगायचो. रात्री मोबाईलवर अंदाज बघायचा, उपग्रहाचं चित्र बघायचं, सकाळी भाऊंना दोन वाक्यांत सांगायचं. ते दहापैकी आठ वेळा बरोबर यायचं. हळूहळू गल्लीत नाव झालं. कुरडया घालायच्या आधी बायका आमच्या फाटकाशी येऊन विचारू लागल्या. भाऊ सगळ्यांना सांगायचे, "आमच्या सरले इचारा. त्याईनं जिंदगीभर हेच शिकोलं." मला ते आवडायचं. आवडायचं म्हणजे फारच आवडायचं. शाळा सुटल्यापासून मला कोणी काही विचारलं नव्हतं.

मग पाहणं कमी झालं आणि सांगणं मात्र चालू राहिलं. मला वाटू लागलं की आभाळाकडे एक नजर टाकली तरी आपल्याला कळतं. वारा कुठून आहे, पूर्वेला रंग कसा आहे, एवढ्यावर मी ठोकून द्यायचो. तरीही बहुतेक वेळा जुळायचं, कारण वऱ्हाडात फाल्गुनानंतर 'आज कोरडं, उद्या कोरडं' एवढं म्हटलं तरी माणूस सहसा चुकत नाही. 'मी पाहिलेलं नाही' एवढे तीन शब्द मला कधी म्हणता आले नाहीत.

तो मार्च महिना होता. त्या सकाळी मी वैतागलेल्या मनानंच बागेत आलो होतो. आदल्या संध्याकाळी आमच्या सौभाग्यवतींशी वाद झाला होता. तिला उन्हाळ्यात दोन महिने पुण्याला मुलाकडे जायचं होतं आणि मी झाडांचं कारण सांगून नाही म्हणत होतो. सकाळी चहाच्या वेळीही तेच. मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला लावून मी बाहेर आलो. पटकन पाणी द्यावं आणि आत जाऊन पेपर घेऊन बसावं, असा विचार होता.

भाऊ मात्र खुशीत होते. वहिनींच्या धाकट्या बहिणीकडे पातूरला जायचं होतं. बहिणीच्या घरी नातू झाला होता, त्याला बघायला. वहिनी त्या दिवशी वाफ्यात नव्हत्या, आत बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू बांधत होत्या.

"सर," भाऊ म्हणाले, "गाडीनं जावं का बसनं?"

गाडी म्हणजे त्यांची जुनी स्कूटर. पातूर काही फार लांब नाही, तास-सव्वा तासाचा रस्ता.

"हे म्हणते बसनं जाऊ. पन बसस्टँडवर जाय, तिथून थांब, मंग तिकडे उतरून पायी जाय. लाडूचा डबा, बाळाचे कपडे, लय सामान हाये. पाणी-बिनी तं नाई ना येत?"

आमच्याकडे पाऊस म्हणत नाहीत, पाणीच म्हणतात.

मी आभाळाकडे पाहिलंही नाही. जास्वंदीच्या आळ्यात पाणी सोडत होतो. म्हणालो, "काही नाही येत. कोरडं आहे. खुशाल गाडीनं जा."

"पाह्यलं ना तुमी?"

हा प्रश्न त्यांनी का विचारला, कोणास ठाऊक. एरवी ते असं विचारत नसत.

"पाहिलं ना," मी म्हणालो.

साडेआठला ते दोघं निघाले. मी पेपर वाचत ओट्यावर बसलो होतो. वहिनींनी जरीकाठाचं हिरवं लुगडं नेसलं होतं, मांडीवर पिशवी घेऊन त्या मागे एका बाजूला बसल्या होत्या. माझ्या बायकोला ओरडून म्हणाल्या, "येतो वो संध्याकाळपर्यंत. मांजर आली तं हाकला, दूध वट्ट्यावर हाये." आणि गेल्या.

साडेनऊच्या सुमारास मी मोबाईल घ्यायला आत गेलो. स्क्रीनवर इशारा आलेला होता. आपल्या जिल्ह्यात दुपारनंतर विजांसह वादळी पाऊस, काही ठिकाणी गारपीट. घराबाहेर पडू नये, झाडाखाली उभं राहू नये. तो रात्रीच आलेला होता. सकाळी पुन्हा एकदा आला होता.

मी बाहेर येऊन वर पाहिलं. स्वच्छ, निळं आभाळ. ऊन तापायला लागलं होतं. मी मनाशी म्हटलं, असे इशारे दर आठवड्याला येतात. काही ठिकाणी म्हणजे पातूरलाच कशाला? आणि ते तर आता पोचले असतील.

फोन करायला हवा होता. अगदी साधी गोष्ट होती. 'भाऊ, चुकलं माझं, अंदाज बदलला आहे, दुपारी निघू नका, मुक्काम करा नाहीतर बसनं या.' 'अंदाज बदलला' असं खोटं सांगूनसुद्धा चाललं असतं. पण मला वाटलं, सकाळी 'पाहिलं' म्हणालो आणि आता असं सांगितलं, तर त्यांना कळेल. वहिनी तर म्हणतीलच, 'म्या बसनंच म्हनलं होतं.' गल्लीत बोललं जाईल. आज हे लिहिताना ते कारण इतकं क्षुल्लक वाटतं की हात थांबतो. पण त्या दिवशी मी सबंध सकाळ ते कारण छातीशी धरून बसलो होतो.

एक वाजता पश्चिमेला काळपट रेघ दिसली. बायको म्हणाली, "अहो, वाळवण आत घेऊ का?" मी म्हणालो, "घे." तिनं माझ्याकडे बघितलं, कारण मी कधी नव्हे तो लगेच हो म्हणालो होतो.

मग मी भाऊंचा नंबर लावला. एकदा रिंग वाजली आणि माझा धीर गेला. फोन कापला. दोनच मिनिटांत त्यांचा उलटा फोन आला. मागे बायकांच्या हसण्याचा, लहान बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता.

"सर, फोन केला होता काय?"

"नाही, नाही. चुकून लागला."

"असं काय. म्या म्हनलं घराले काई झालं का. कुलूप-बिलूप."

"सगळं ठीक आहे. जेवणं झाली?"

"आता बसून राह्यलो. पाव्हनेरावळे लय हाये. जेवन झालं की निघतो, तीनेक वाजता."

"बरं," मी म्हणालो. आणि फोन ठेवला.

हे एवढंच बोलणं. या बोलण्यात तीन-चार तरी जागा होत्या, जिथे मी सांगू शकलो असतो. 'तीनेक वाजता' म्हणाल्यावर तर ते तोंडाशी आलं होतं. पण मी 'बरं' म्हणालो.

पावणेचारला आमच्याकडे वारा सुटला. आधी धूळ, मग थेंब, मग गारा. बोराएवढ्या, पुढे त्याहून मोठ्या. पत्र्यावर इतका आवाज होत होता की बायको काय बोलते ते ऐकू येत नव्हतं. वीस मिनिटांत सगळं थांबलं. बाहेर आलो तर माझ्या गुलाबांची नुसती काटकं उरली होती. भिंतीपलीकडे टमाट्यांचा चिखल झाला होता, दोडक्याचा मांडव बसला होता. मी तिकडे बघत उभा राहिलो. मला टमाट्यांचं काही वाटत नव्हतं. मी रस्त्याचा विचार करत होतो.

पाच वाजता त्यांच्या मुलीचा अमरावतीहून फोन आला. माझ्या नंबरवर. "काका, आईबाबा पडले. पातूर रोडवर. आईले उचलून अकोल्याले आणलं लोकांनी. तुमी जाता का? आमी निघालो इथून."

मी आणि बायको रिक्षा करून गेलो. भाऊ दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. कपाळाला खोक पडली होती, कपडे चिखलानं भरलेले. मला पाहून ते उभे राहिले आणि रडू लागले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

"माह्याच्यानं झालं, सर. ते म्हनत होती थांबा, थांबा. म्या म्हनलं पुढं हॉटेल हाये, तिथं थांबू. गारा तोंडावर लागून राह्यल्या. डोळे मिटले अन् ब्रेक दाबला. माह्याच्यानं झालं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुमची काही चूक नाही, भाऊ," असं म्हणालो. त्यांना वाटलं, मी त्यांची समजूत घालतोय. मी खरं बोलत होतो, पण ते खरं का आहे, ते सांगितलं नाही.

वहिनींचं खुब्याजवळचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी जावयानं त्यांना अमरावतीला हलवलं, त्यांच्या ओळखीचे डॉक्टर तिथे होते. ऑपरेशन झालं, रॉड टाकला. डॉक्टर म्हणाले, तीन महिने जपा. चालतील, पण खाली बसणं आता विसरा. वहिनी लेकीकडेच राहिल्या. भाऊ आठवड्यातले चार दिवस अमरावतीला आणि तीन दिवस अकोल्याला, घर आणि बाग बघायला.

ते इथे असले की सकाळी सव्वासहाला भिंतीशी यायचे. पहिल्यासारखेच. पण आभाळाचं विचारणं त्यांनी बंद केलं होतं, माझ्यावर राग म्हणून नव्हे. त्यांच्या मनात आता दुसरं काही नव्हतं. ते सगळं वहिनींचं सांगायचे.

"काल वॉकर धरून चार पावलं टाकले. मंग घाम आला. बसली."

"रात्री मले म्हनते, मले शेणखताचा वास आठोते. म्या म्हनलं, येडी झाली काय?"

"सर, म्या गाडी इकून टाकली. भंगारवाल्यालेच देल्ली. पाहावत नव्हती."

मी पाणी देत ऐकायचो. माझी पाळी आली की मी काही सांगायचो नाही. काय सांगणार? एकदा ते म्हणाले, "तुमी बोलत नाई आजकाल. घरी बरं हाये ना?" माझ्या घराची विचारपूस ते करत होते. त्या दिवशी मी नळी तशीच सोडून आत गेलो. मधुमालतीच्या आळ्यातून पाणी वाहून फाटकापर्यंत गेलं.

बायकोला मी एप्रिलमध्ये सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. एक वाजता वाळवण आत घेऊ का विचारल्यावर तुम्ही असा चेहरा केला होता ना, तेव्हाच." थोड्या वेळानं म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? अमरावतीला जाऊन या."

मी मे महिन्यात गेलो. कारण शोधायला गेलं की कारणं मिळतात. आधी ऊन फार होतं, मग सांधे दुखत होते. शेवटी एका गुरुवारी सकाळची बस धरली. मूर्तिजापूरला बस दहा मिनिटं थांबली, तेव्हा उतरून परत अकोल्याची बस पकडावी असं वाटलं. तसं वाटलं म्हणूनच मी जागेवरून हललो नाही. मोकळेपणानं जायचं असतं तर मी अमरावतीत शाळेतल्या जुन्या मित्रांना भेटलो असतो, आमच्या जुन्या गल्लीतून एक चक्कर मारली असती. त्या दिवशी बसमधून उतरलो तो थेट ऑटोत बसलो. बाहेर काय बदललं, काय तसंच आहे, काही पाहिलं नाही.

भाऊ तेव्हा अकोल्याला होते. मी मुद्दामच तो दिवस निवडला होता. लेकीनं पाणी दिलं, चहा ठेवायला आत गेली. वहिनी पलंगावर बसल्या होत्या, शेजारी वॉकर. बारीक झाल्या होत्या. मला पाहून खुशीत म्हणाल्या, "सर! एवढ्या उन्हात! माह्या मेथीचं काय केलं ह्याईनं? जळली असंल."

मी मेथीचं काही सांगितलं नाही. एकदम सुरू केलं. नाहीतर पुन्हा राहिलं असतं. पाहिलं म्हणालो पण पाहिलं नव्हतं, हे सांगितलं. साडेनऊला इशारा वाचला, हे सांगितलं. एक वाजता फोन केला आणि 'चुकून लागला' म्हणालो, हेही सांगितलं. क्रमानं सांगितलं, शाळेत सांगायचो तसं. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

मी थांबल्यावर वहिनींनी विचारलं, "मंग फोनवर काहून नाई सांगितलं?"

"लाज वाटली."

"कायची?"

"माझं चुकलं हे तुम्हाला कळेल म्हणून."

"आमी दोघं चिखलात पडलो होतो, सर. म्या याईच्या अंगावर पडली होती. याईले वाटलं म्या मेली. अन् तुमाले लाज वाटून राह्यली होती."

लेक चहा घेऊन आली, आमचे चेहरे पाहून कप ठेवून आत गेली.

"माफ करा, वहिनी."

"मले नका म्हनू." त्यांचा आवाज चढला नव्हता. "माही हड्डी जुळून राह्यली. डॉक्टर म्हनते जुळंल. पन ते मानूस दोन महिन्यापासून सोताले खाऊन राह्यलं. झोपीतून उठून बसते. म्हनते, म्या तुले पाडलं. गाडी इकली. पोरीच्या गाडीवर सुद्धा बसत नाई. तुमी रोज त्याईच्या समोर उभे राहून पाणी देता, अन् त्याईले हे सांगत नाई? आधी त्याईले सांगाचं होतं. माह्याकडं कायले आले?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तीन-साडेतीन तास बस, ऑटो करून मी ज्याच्याकडे जायचं त्याला चुकवूनच आलो होतो. मला वाटत होतं की मोठी गोष्ट वहिनींची आहे, हाड त्यांचं मोडलं. भाऊ रोज भिंतीशी येऊन माझ्यासमोर स्वतःला दोष देत होते, आणि तो दोष माझ्या वाट्याचा होता, हे मी ऐकत होतो आणि ऐकत नव्हतो.

चहा तसाच राहिला होता. निघताना वहिनी म्हणाल्या, "च्या टाकून नका जाऊ. पोरीनं केला." म्हणून उभ्यानं प्यालो.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला भाऊ आले. कढीपत्त्याला पाणी देत होते. मी भिंतीशी गेलो आणि सांगितलं. वहिनींना सांगितलं तेवढं लांबलचक नाही. ते हातात नळी धरून उभे होते. पाणी एकाच जागी पडून खड्डा पडत होता.

"म्हंजे तो फोन चुकून नव्हता लागला."

"नाही."

"तुमाले नऊ वाजताच मालूम होतं."

"साडेनऊ."

मी 'साडेनऊ' का म्हणालो? अजूनही कळत नाही. अर्ध्या तासानं काय फरक पडत होता?

भाऊंनी नळ बंद केला, नळी गुंडाळली, खुंटीला अडकवली. जिनिंगमधली सवय, वस्तू जागच्या जागी. मग आत गेले आणि दार लावलं. जोरात नाही. रोजच्यासारखंच.

त्यानंतर ते पाणी द्यायला संध्याकाळी येऊ लागले. मला कळायचं की ते बाहेर आहेत, नळीचा आवाज यायचा, पण मी बाहेर जात नसे. माझी बायको जायची. ती सांगायची, "आज जरा बरे दिसले." एकदा म्हणाली, "झोप लागते म्हणाले आता." आमचं बोलणं तुटलं होतं, पण त्यांना झोप लागत होती. मी आधी सांगितलं असतं तर ती दोन महिने आधी लागली असती.

जुलैत वहिनी परत आल्या. जावयाच्या कारमधून उतरल्या, काठी टेकत फाटकापर्यंत चालत आल्या. गल्लीतल्या बायका जमल्या. मी खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लास्टिकची खुर्ची वाफ्याजवळ टाकून घेतली आणि तिथे बसून भाऊंना हुकूम सोडायला लागल्या. इथं लाव, तिथं काढ. भाऊंना निंदण्याचं कधी जमलंच नव्हतं. पाठ आखडायची, पाच मिनिटांत उठून उभे राहायचे.

एका रविवारी वहिनींनी भिंतीवरून हाक मारली. "सर, हात रिकामे हाये का?"

मी गेलो. फाटकातून, पहिल्यांदाच इतक्या महिन्यांत. भाऊ ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. वहिनींनी खुरपं माझ्या हातात दिलं आणि काठीनं वाफा दाखवला. "हे निंदून द्या. गवत लय माजलं. मले बसता येत नाई ना."

शेवटचं वाक्य त्यांनी टोचून म्हटलं नव्हतं. जे आहे ते सांगितलं, एवढंच. मी उकिडवा बसलो. माझेही गुडघे कुरकुरतात. पण बसता येतं.

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांचा वाफा निंदतो. हे प्रायश्चित्त आहे असं मी कोणाला म्हटलेलं नाही, आणि तसं ते होतही नाही. एका वाफ्याला पाऊण तास लागतो. त्यांना खाली बसता येणार नाही ते आयुष्यभराचं आहे. भाऊ माझ्याशी बोलतात आता, पण थोडं. घरातलं काही सांगत नाहीत. पातूरच्या नातवाचं जावळ काढलं, ते मला बायकोकडून कळलं. आभाळाचा विषय आमच्यात निघत नाही. मेघ गडगडत असले तरी दोघंही मान खाली घालून नळीकडे बघतो. मला त्यांना कधीतरी विचारायचं आहे, तुम्ही मला माफ केलं का? पण ते विचारणं पुन्हा माझ्याचसाठी होईल, म्हणून विचारत नाही.

मागच्या रविवारी मी खुरपत होतो. वहिनी खुर्चीवर बसून लसूण सोलत होत्या.

"अवो सर, थांबा, थांबा! ते आंबाडी हाये. गवत ते बाजूचं."

मी उपटलेलं रोप हातात धरून पाहिलं. मुळाला काळी माती चिकटलेली होती.

"पुन्हा लावू का?"

"लावून पाहा. जगलं तं जगलं." मग ओट्याकडे मान वळवून त्या म्हणाल्या, "अवो, सरले पाण्याचा मग द्या."

भाऊंनी पेपर घडी करून ठेवला, उठले, पाण्याचा मग भरून आणला आणि माझ्या हातात न देता वाफ्याच्या कडेला ठेवला. मी बोटानं खड्डा केला, रोप लावलं, माती दाबली आणि हळूहळू पाणी घातलं.